घड्याळासारखी सून

भिलाईजवळच्या कुरुदच्या त्या गल्लीत बेबीताईच्या सुनेचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असायचं. "आमची दामिनी म्हंजे घड्याळ हाय घड्याळ." हे वाक्य पहिल्यांदा बेबीताईच्याच तोंडून निघालं आणि मग नळावर, भजनात, लग्नाच्या मांडवात फिरून आलं. दामिनी कामाला वेळेवर होती म्हणून हे कौतुक नव्हतं. महिना भरला की तिची अडचण येते, इकडं नाही की तिकडं नाही, म्हणून होतं.

बेबीताईचं घर मूळचं तुमसरकडच्या कुणब्यांचं. तिचा नवरा सुखराम याची उभी हयात भिलाईच्या पोलाद प्लँटमध्ये, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर गेली. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं आणि त्यानं कुरुदला घर बांधलं. पुढं दोन खोल्या, मागं पडवी, पडवीपलीकडं भेंडी-वांग्याची बाडी. इतकी वर्षं छत्तीसगडात निघाली तरी घरचे रिवाज गावचेच राहिले होते. बाईला अडचण आली की तिनं पडवीतल्या खाटेवर बसायचं. ताट वेगळं, गिलास वेगळा. देवाला शिवायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीवर सावलीही पडू द्यायची नाही. बाडीच्या कुंपणावरून जो जाईल त्याला खाटेवरची बाई दिसायची आणि जे कळायचं ते न सांगता कळायचं.

दामिनी दर महिन्याला त्या खाटेवर बसत होती. आणि यंदाच्या होळीपासून तिला एकदाही पाळी आली नव्हती.

हे फक्त तिला ठाऊक होतं. रात्रंदिवस, पोळी लाटताना, केस विंचरताना, नवऱ्याच्या डब्यात भाजी भरताना ते तिच्यासोबत असायचं.

खोटं काही हौसेनं सुरू झालं नव्हतं. लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हा तिची पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. बेबीताईनं कोणाला विचारलं नाही, तपासलं नाही, सरळ पेढे आणले. तुमसरहून मावशा आल्या. त्यांनी दामिनीची ओटी भरली, पोटाकडं बघून मुलगा की मुलगी यावर पैजा लावल्या. बेबीताईनं आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं एक दुपटं शिवलं, लहानशा अंगाला पुरेल एवढं. त्याच्या कडेला तिनं पोपट काढले. शेवटचा पोपट पुरा व्हायच्या आत एका दुपारी दामिनीच्या साडीला डाग लागला. दवाखान्यात कळलं की गर्भ नव्हताच कधी. पाळी नुसती लांबली होती.

बेबीताईनं दुपट्याची घडी केली, सुई तशीच टोचलेली, आणि ते पेटीत तळाशी ठेवलं. पेटीचं झाकण तिनं अगदी हळू लावलं. त्या हळूपणानं दामिनीचं काळीज फाटलं. नळावर मात्र कोणीतरी म्हणालंच, "काय वो, पेढे तर आमी खाल्ले, पोट्टं कोठं गेलं? गॅस होता का?" बायका हसल्या. दामिनीनं भरली घागर तिथंच सोडली आणि घरी आली.

त्यानंतर पाळी पुन्हा लांबली. बेबीताई तिच्या चेहऱ्याकडं बघू लागली. बोलायची नाही, पण भाताचा वास घेताना सुनेचं नाक मुरडतं का ते बघायची. ती आशा डोळ्यांत चढताना दामिनीला दिसली. पुन्हा पेढे, पुन्हा मावशा, पुन्हा ते झाकण. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, मले अडचण आली."

बेबीताईच्या डोळ्यांतलं जे काय चढलं होतं ते उतरलं. "बरं," ती म्हणाली. "जाय, बस मंग."

इतकं सोपं होतं ते.

पुढं दामिनी त्यात तरबेज झाली. खरी पाळी कधीमधीच यायची, मधले महिने खोट्यानं भरायचे. तारीख चुकू द्यायची नाही. खाटेवर पहिल्या दिवशी कूस बदलत पडायचं, नंतर उठून तांदूळ निवडायचे. कोरं पॅड पाण्यात भिजवून जड करायचं, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकायचं, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभं राहायचं. कोणी उघडून बघितलं तर? कोण बघतं? पण बघितलं तर?

शेजारची आम्रपाली चरोद्याला रेल्वेत होती. स्कूटीवरून ड्यूटीला निघाली की कुंपणाशी थांबायची. "झाली का वो सुरू तुही सरकारी सुट्टी? आमाले तर यार्डात कोनी खाट देत नाही. गोळी खा अन् काम कर." तिच्या घरी हे बाजूला बसणं तिच्या आजीच्या वेळेपासूनच बंद होतं. दामिनी हसायची. त्या खाटेवर तिला सुट्टी कधीच लाभली नाही. रिकाम्या अंगानं तिथं बसायचं म्हणजे देवाच्या आणि माणसांच्या समोर रोज खोटी साक्ष द्यायची असं तिला वाटायचं.

एवढंच असतं तर तिनं ते पेललं असतं. पण अंग गप्प राहायला तयार नव्हतं. अंग दुसरीकडून बोलू लागलं.

आधी गालांवर फोड आले. सत्तावीस वर्षांच्या बाईला शाळकरी पोरींसारखे मोठाले, दुखरे फोड. गल्लीतल्या बायकांनी निकाल दिला की ही प्लँटची धूळ. भिलाईत खोकला झाला तरी प्लँटची धूळ आणि वाळत घातलेले पापड काळे पडले तरी प्लँटची धूळ. मग मानेवर काळा पट्टा उमटला, मखमलीसारखा मऊ. बेबीताईनं एका रविवारी तिला पाटावर बसवून बेसन-हळदीनं मान घासली. घासून घासून कातडी लाल झाली, पट्टा तसाच. "आंग धुतं का नाही वो तू?" सासूनं विचारलं. दामिनी पदर मानेभोवती गुंडाळून घेऊ लागली, वैशाखातसुद्धा.

आणि मग हनुवटी. एका सकाळी तोंड धुताना बोटाला काहीतरी टोचलं. आरशात बघितलं तर हनुवटीखाली एक केस, काळा, जाड, पुरुषाच्या दाढीतला असावा तसा. तिनं चिमट्यानं उपटला. आठवड्यात तिथं आणखी उगवले. दुपारी सगळे लवंडले की ती न्हाणीचं दार लावून झरोक्याच्या उजेडात लहानसा आरसा धरायची आणि एकेक केस उपटायची. डोळ्यांतून पाणी यायचं ते दुखण्याचं की कशाचं हे तिलाच कळत नसे. आपण हळूहळू बाई राहिलेलो नाही, दुसरंच काहीतरी होत चाललोय, असं तिच्या मनात येई. त्या विचाराला तिच्याजवळ नाव नव्हतं. हेमराज जवळ आला की ती तोंड भिंतीकडं करून निजायची. त्याचा हात हनुवटीवर पडू नये एवढंच तिचं मागणं असायचं.

हेमराज तिचा नवरा. बाप प्लँटमध्ये पक्का होता, पोरगा ठेक्यावर लागला, भट्टीवर. बोलायला कमी आणि बायकोला जपणारा. त्याच्या या जपण्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

हनुवटीवर नको तिथं केस येत होते आणि डोक्यावर हवे तिथले जात होते. भांग रुंद होत चालला. कंगव्यात गुंता यायचा तो ती बोटाला गुंडाळून बाडीत जास्वंदीच्या मुळाशी खोचून ठेवायची. गल्लीत सायकलवर केस घेणारा यायचा, "बाल दो, बाल," अशी हाळी देत. केसांच्या बदल्यात तो स्टीलची वाटी, चहाची गाळणी असं काहीबाही द्यायचा. एकदा बेबीताई स्वतःचे साठवलेले केस द्यायला दारात आली, आणि जास्वंदीशी काहीतरी काळं दिसलं म्हणून तिनं ते ओढलं. ओढलं तर निघतच राहिलं. केसवाल्यानं हातात तोलून बघितलं आणि दात काढले. "अम्मा, पूरी बहू का मुंडन कर दिया क्या?"

बेबीताईला हसू आलं नाही. तिनं एकदा त्या गुंत्याकडं, एकदा सुनेच्या भांगाकडं बघितलं. "एवढे कावून गळून राहिले वो?"

"पानी बदललं ना आई. बोअरचं पानी."

"बोअर तर आमी बी पितो," बेबीताई म्हणाली. केसवाल्यानं मोठा डबा काढून दिला. तो डबा घरात चकचकत राहिला आणि दामिनीनं त्यात कधी काही भरलं नाही.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा बेबीताईनं ठरवलं की डॉक्टरला विचारायचं. गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचे, तापाखोकल्याचे, म्हातारे. दामिनी स्टुलावर बसली, पदर मानेभोवती, हनुवटी सकाळीच साफ केलेली, गालांवर पावडर. डॉक्टरांनी तिला विचारलं, पाळी कशी आहे? तिनं तोंड उघडायच्या आत बेबीताईनं उत्तर दिलं. "एकदम घडी जैसी, डॉक्टरसाहेब. मैं खुद देखती हूँ ना. एक दिन ऊपर-नीचे नहीं."

डॉक्टरांनी दामिनीकडं बघितलं. दामिनीनं मान हलवली.

तेव्हा ते म्हणाले की बाईचं सगळं वेळेवर असेल तर आधी नवऱ्याची तपासणी करून घ्या. सोपी तपासणी आहे.

त्या स्टुलावरून उठताना दामिनीला कळलं की आपण काय केलं. पण तोवर बेबीताई दाराबाहेर पोचली होती.

हेमराजनं तपासणीचं ऐकलं आणि चेहरा पाडला. करतो म्हणाला, केली नाही. पण गल्लीला तपासणीची गरज नव्हती. पोरगं भट्टीसमोर उभं राहून राहून आतून वाळलं असणार, असं भय्याजी किराणावाल्यानं गिऱ्हाइकांसमोर सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. सुखरामला ते सहन झालं नाही. तो चौकात जाऊन म्हणाला, "आरे, मी तीस वर्षं कोक ओव्हनवर उभा होतो. मले तीन झाले ते काय फ्रीजात बसून झाले का?" लोक हसले. हेमराज हसला नाही.

तो घरी आला की ओला टॉवेल कमरेला गुंडाळून पंख्याखाली बसू लागला. सब्जा भिजवून प्यायचा. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज काकडी खायचा. मग एक दिवस येऊन म्हणाला, "मी भट्टी सोडली. स्क्रॅपयार्डले टाका म्हणलं ठेकेदाराले. कमी भेटन, पण गरम तर नाही ना." त्याला भट्टीचा अभिमान होता. वितळलेलं लोखंड नालीतून धावतं तेव्हा त्याचा रंग कसा असतो हे तो तिला लग्नाच्या पहिल्या रात्री सांगत बसला होता. आता जोडीदार त्याला थंडा साहेब म्हणत होते.

दामिनी त्याच्यासमोर पाण्याचा गिलास घेऊन उभी राहिली. सांग, तिचं मन म्हणत होतं, आत्ता सांग, हा माणूस तुझं पाप अंगावर घेऊन बसला आहे. आणि दुसरं मन म्हणत होतं, सांगशील तर काय होशील? वांझ. खोटारडी. दाढीवाली. तुमसरच्या मावशा पुन्हा येतील, या वेळी दुसरी मुलगी दाखवायला.

"पानी," ती म्हणाली आणि गिलास ठेवून आत गेली.

भाद्रपद आला. या घरात महालक्ष्म्या बसायच्या. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे, भरजरी साड्या, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि जेवायला दुर्ग-चरोद्यापर्यंतचे नातेवाईक. सारा स्वयंपाक सोवळ्यात. बेबीताईचे गुडघे गेले होते, त्यामुळं या वर्षी पुरण दामिनीच्या हातचं होणार होतं. "तुही अडचण आधीच होऊन जाईन ना वो?" सासूनं विचारलं. दामिनीनं हिशोब लावला आणि सणाच्या आदल्या आठवड्यात खाटेवर बसून घेतलं. बेबीताईनं पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं, माझ्या सुनेनं देवीची वेळ कधी चुकवली नाही.

जेवणाच्या दिवशी पहाटे दामिनी न्हाली. ओल्या केसांना गाठ मारली, धुतलेली साडी नेसली, उपाशी पोटी चुलीशी बसली. हरभऱ्याची डाळ शिजली, गूळ पडला. ती पुरण घाटू लागली. वास घरभर झाला. समोरच्या खोलीत मुखवट्यांचे रंगवलेले मोठे डोळे उघड्या दारातून थेट तिच्यावर होते.

आणि तिच्या मांडीवरून काहीतरी कोमट खाली आलं.

तिचा हात पातेल्यातच थांबला. नाही, असं नाही. इतक्या महिन्यांनी, आज? तिनं बसल्या जागी साडीत हात घातला. बोटं लाल झाली.

सोवळ्यातली, देवीच्या नैवेद्यावर वाकलेली ती, आणि हे. उठून सांगावं तर काय सांगावं? मागच्या आठवड्यात तर ती खाटेवरून उठली होती. हे खरं असेल तर ते काय होतं? ते खरं असेल तर हे काय? बाहेर मावशा भाज्या चिरत होत्या. एक शब्द, आणि सगळं उलगडत जाईल, पार पेढ्यांपर्यंत.

ती न्हाणीत गेली. डोक्यावरून पुन्हा पाणी घेतलं, जणू पाण्यानं देवीची समजूत पडेल. पॅडवर पॅड ठेवले. परत येऊन पुरण घाटायला बसली. डोळे वर करायची तिची छाती झाली नाही.

नैवेद्याचं ताट नेताना बेबीताईनं टोकलं. "एवढी हळू कावून चालून राहिली वो?"

"उपास हाय ना आई."

"होते मंग. ठेव. डोकं टेकव."

तिनं मुखवट्यांसमोर डोकं टेकवलं. पाहुणे जेवले, पुरणाची तारीफ झाली.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, मुखवटे पेटीत गेले, पाहुणे परतले. रक्त थांबलं नाही. नेहमीच्या पाळीसारखं नव्हतंच ते. तासाभरात पॅड भरायचं. गाठी पडायच्या, जांभळासारख्या, आणि न्हाणीच्या फरशीवर त्या बघून ती भिंतीला धरायची. दामिनीनं स्वतःशी ठरवलं की ही शिक्षा आहे. देवीला खोट्या रक्ताची साक्ष दिली, आता ती खरं रक्त मागते आहे, आणि सगळं मागितल्याशिवाय राहणार नाही. असं असेल तर डॉक्टर काय करणार? तिनं दात आवळले, जुन्या साड्या फाडल्या, काम करत राहिली. बादली उचलताना कानांत शिट्टी वाजायची. हेमराज म्हणाला, "तू पांढरी कावून दिसून राहिली?" ती म्हणाली, "पावडर लावली."

त्या दुपारी बेबीताई भजनाला गेली होती. दामिनी बादली घेऊन कुंपणाजवळच्या नळाशी आली आणि वाकली ती उठलीच नाही. पायरीवर बसली. ड्यूटीवरून आलेली आम्रपाली स्कूटी लावत होती. "काय वो, आज नळाशी सुट्टी का?" म्हणत ती जवळ आली आणि तिची थट्टा तोंडातच राहिली. दामिनीचे ओठ कागदासारखे होते. पायरीवरून लाल ओघळ खाली उतरत होता.

"दामिनी! केव्हापासून?"

"एक पॅड दे फक्त, आम्रपालीताई. आईले नोको सांगू."

"पॅड? आरे, आईले नाही सांगत, मी तर साऱ्या गल्लीले सांगते आता!" आणि ती रस्त्यावर धावत जाऊन ऑटोला ओरडली. वाटेत तिनं हेमराजला फोन केला, बेबीताईला केला. दामिनीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दामिनीला ऑटोबाहेरचं आभाळ काळं-पांढरं होताना दिसत होतं आणि ती एकच पुटपुटत होती, "पुरण मीच केलं. पुरण मीच केलं."

सुपेल्याकडच्या एका दवाखान्यात तिला टेबलावर घेतलं, आम्रपाली बाहेर थांबली. बाई डॉक्टर होत्या, घाईच्या, चश्मा कपाळावर चढवलेल्या. लघवीची तपासणी झाली, गर्भ नव्हता. तोवर बेबीताई भजनाच्या साडीतच धापा टाकत आली, तिच्यामागं हेमराज, हाताला स्क्रॅपचा गंज तसाच.

"इससे पहले माहवारी कब आई थी?" डॉक्टरांनी विचारलं.

बेबीताई पुढं झाली. "अभी तो हुई मॅडम, महालक्ष्मी के पहले. हर महीने. हमारी बहू घडी जैसी है."

डॉक्टरांनी ते लिहायला पेन टेकवलं.

दामिनी छताकडं बघत होती. आपण गप्प राहिलो तर हे असंच लिहिलं जाईल, तिला वाटलं, आणि मी मेले तरी लोक म्हणतील, मोठी वेळेवर होती हो पोरगी. मरणाची भीती तिला आठवडाभर वाटत होतीच. पण त्या क्षणी या कौतुकाची भीती तिला मरणाहून मोठी वाटली.

"नहीं," ती म्हणाली.

घरच्या बोलीत ते तिच्यानं बोलवलं नसतं. परक्या हिंदीत ते निघालं. "नहीं मॅडम. झूठ है. होली के बाद आई ही नहीं. मैं झूठमूठ बैठती थी."

बेबीताईचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथंच राहिला.

डॉक्टर थांबल्या. मग त्यांनी दामिनीच्या मानेवरचा पदर बाजूला केला, काळा पट्टा बघितला, हनुवटीवरून बोट फिरवलं, भांग बघितला. हे सगळं एकाच ठिकाणाहून आलं आहे, त्या म्हणाल्या. अंगातले हार्मोन बिघडले की अंडं वेळेवर तयार होत नाही, पाळी महिनोन्‌महिने येत नाही. आतलं अस्तर मात्र जाड होत राहतं आणि एक दिवस सुटतं ते असं. केस, फोड, मानेचा काळेपणा, तेही त्याचंच. बऱ्याच बायकांना असतं. औषधानं ताब्यात ठेवता येतं, पण महिनोन्‌महिने पाळी न येता बसून राहायचं नसतं. इतक्या महिन्यांत कोणाच्या लक्षात आलं नाही? त्यांनी विचारलं.

"और बच्चा?" हेमराजच्या तोंडून निघून गेलं.

"पहले खून रुकने दो," डॉक्टर म्हणाल्या आणि त्याला रक्तपेढीची चिठ्ठी दिली. "जाँच आपकी भी होगी. बाद में."

तो चिठ्ठी घेऊन निघाला आणि दारातून परत फिरला. टेबलाशी येऊन वाकला. "मले एकदा सांगतं का नाही तू?"

"भेव लागे."

"माहा?"

"तुमचा नाही. आईच्या त्या दुपट्याचा."

हेमराजनं गंजानं माखलेला हात तिच्या हनुवटीवर ठेवला. चार दिवसांत चिमटा फिरला नव्हता तिथं. तिनं तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण मान उचलायची ताकद नव्हती. मग तो रक्त आणायला गेला.

खोलीत दोघीच राहिल्या. वर बाटली टांगलेली, नळीतून एकेक थेंब उतरत होता. रक्त अजून थांबलं नव्हतं, इंजेक्शनला वेळ लागतो असं नर्स सांगून गेली होती. बेबीताई स्टुलावर बसली. बराच वेळ तिनं गुडघे चोळले.

"म्हंजे तू खाटेवर बसे तेव्हा काही नव्हतं."

"नाही, आई."

"अन् मी तुह्या हातचं पानी नाही घेत होती."

बेबीताईनं नळीतून उतरणाऱ्या थेंबाकडं बघितलं.

"हे आता लागलं ते कोन्त्या दिवशी?"

हाच प्रश्न येणार हे तिला ऑटोतच कळलं होतं. उत्तरही तयार होतं. विसर्जनानंतर, असं म्हटलं की सुटलं. सासूला कधी कळणार नव्हतं. तिनं बेबीताईकडं बघितलं. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथं तिच्याच आठवड्याभराची भीती बसली होती, ओळखीची, जशीच्या तशी.

"त्याच दिवशी, आई. पुरण घाटताना. मी उठली नाही."

बेबीताईनं डोळे मिटले. ओठ हलले, देवीचं नाव असावं. सोळा भाज्यांचं ताट, चरोद्याची पंगत, टेकवलेलं डोकं, सगळं तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून गेलं असणार. दामिनी वाट बघत राहिली. आता उठेल, वाटलं तिला, उठून बाहेर जाईल आणि परत यायची नाही.

"कोनाले सांगू नोको," शेवटी बेबीताई म्हणाली. "घरच्या बुढ्यालेबी नोको. देवीचं मी पाहून घेईन. आपन दोघी पाहून घेऊ."

दारात नर्स आली, हातात कागदाचा तक्ता. किती वेळानं पॅड बदललं, गाठी अजून पडतात का, दुखतं कुठं, असं विचारू लागली. विचारताना ती सवयीनं वडीलधाऱ्या बाईकडं बघत होती.

बेबीताईनं तोंड उघडलं. मग मिटलं. स्टूल मागं सरकवून ती भिंतीला टेकली.

"इसको पूछो बाई," ती म्हणाली. "उसीको मालूम है."